पहिली वेलांटी

थांबाबाईंचं खरं नाव घरच्या वीजबिलावरसुद्धा नाही, कारण बिल नवऱ्याच्या नावानं येतं. गिऱ्हाइकं, शेजारी आणि ज्याच्या झेरॉक्सच्या दुकानामागे त्या बसतात तो दुकानदार, सगळे त्यांना थांबाबाईच म्हणतात. कुणी घाबराघुबरा होऊन आत आला, पिशवीतून यंत्र काढून बटण दाबायला गेला, की बाईंचा पहिला शब्द ठरलेला असतो. "थांबा." दुसरं वाक्यही ठरलेलं. "आतापर्यंत काय काय केलंत ते सांगा, आणि खरं सांगा."

खरं कुणी सांगत नाही. "मी काहीच केलं नाही हो, आपोआप झालं," असं सगळे म्हणतात. त्यावर बाई म्हणतात, "आपोआप फक्त धूळ बसते." मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येते. फाइलीचं नाव बदललेलं असतं, मेव्हण्यानं सुचवलेला कसलासा प्रोग्राम चालवलेला असतो, आणि पडद्यावर 'दुरुस्त करू का?' असा प्रश्न आल्यावर न वाचताच 'हो' म्हटलेलं असतं. लग्नाला हो म्हणायला चार दिवस घेणारा माणूस इथे डोळ्याची पापणी लवायच्या आत हो म्हणतो, याचं बाईंना गेली सतरा वर्षं नवल वाटत आलंय.

त्यांची खोली जिन्याखाली आहे. छत तिरपं, त्यामुळे उभं राहायचं तर दाराशीच. आत सगळ्यांनी बसायचं. टेबलावर तीन कॉम्प्युटर. एक नवा, एक मध्यमवयीन आणि एक इतका जुना की त्याला त्या म्हातारा म्हणतात. म्हाताऱ्याला इंटरनेटचा वारा कधी लागलेला नाही. त्याच्या पोटात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे प्रोग्राम जसेच्या तसे आहेत, आणि बाईंचं निम्मं पोटपाणी त्याच्यावर चालतं. कारण त्यांचं काम एकच: ज्या फाइली उघडत नाहीत, त्या उघडून देणं. प्रिंटर, व्हायरस, मोबाइल यांच्यासाठी त्या गिऱ्हाइकाला पुढच्या गल्लीत पाठवतात. त्यांच्याकडे येतात त्या नोंदींच्या जुन्या फाइली. कुणाच्या दवाखान्यातले रोगी, कुणाच्या रोपवाटिकेतली झाडं, ओळींमागून ओळी. प्रोग्राम दर चार वर्षांनी नवे कपडे घालतो आणि जुन्या फाइलीला ओळख दाखवत नाही. ही श्रीमंत झालेल्या नातेवाइकाची तऱ्हा, असं बाईंचं मत आहे.

हे 'थांबा' त्यांना महागात पडून आलेलं आहे. तरुणपणी त्या एका वाचनालयात नोंदी करायला होत्या. एक दिवस सभासदांची फाइल उघडेना. पडद्यानं विचारलं, दुरुस्त करू का? बाईंनी मूळ फाइलीवरच 'हो' म्हटलं. प्रोग्रामानं जे समजलं नाही ते सगळं टाकून दिलं आणि अकरा हजार नोंदींपैकी नऊशे उरल्या. म्हातारे ग्रंथपाल शेजारी उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "असू दे" म्हणाले, आणि पुढचे आठ महिने जुन्या कार्डांवरून एकेक नाव पुन्हा टाइप करत बसले. तेव्हापासून बाई मूळ फाइलीला बोट लावत नाहीत. आधी तीन प्रती. एक कपाटात, एक कामाला, एक चुका करायला.

एका मंगळवारी अकराच्या सुमाराला एक तिशीची बाई दारात येऊन उभी राहिली. बोटांच्या पेरांवर काळं मेण बसलेलं, हात पोटाशी घट्ट धरलेले.

"काकू, मी कशालाही हात लावणार नाही," ती आपणहून म्हणाली. "जो काय लावायचा तो माझ्या चुलतभावानं आधीच लावून झालाय."

बाईंना ती तिथल्या तिथे आवडली. त्यांनी तिला स्टूल दिलं.

तिचे वडील जोडे शिवायचे, पण दुकानात मांडलेले असतात तसले नाहीत. ज्यांचे दोन पाय सारखे नसतात त्यांचे. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल वळलेलं, कुणाची बोटं यंत्रात गेलेली. चार महिन्यांपूर्वी ते वारले. आता दुकान तिच्याकडे होतं आणि आजूबाजूची माणसंही तिला जोडेवाली म्हणायला लागली होती. बावीस वर्षांपूर्वी एका डॉक्टर गिऱ्हाइकानं वडिलांना आपला जुना कॉम्प्युटर दिला होता आणि नोंदी कशा ठेवायच्या ते शिकवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक जोडीचं माप त्यात होतं. ती फाइल उघडत नव्हती.

"मापं पुन्हा घेता येतात की," बाई म्हणाल्या.

"घेतली ना. टपालवाल्या बाईंची घेतली." जोडेवालीनं खाली पाहिलं. "त्यांचा डावा पाय आखूड आहे. खांद्याला पिशवी लावून दिवसभर फिरतात. बाबांचे जोडे घालून चौदा वर्षं फिरल्या, कधी तक्रार नाही. जोडे झिजले म्हणून माझ्याकडे आल्या. मी तीनदा मोजलं, काकू. तीनही वेळा दीड इंच. दीड इंचाची टाच चढवून दिली. चौथ्या दिवशी त्यांची कंबर धरली. आज पाच आठवडे झाले, घरी बसून आहेत."

"मग चूक कुठं झाली?"

"तेच तर कळत नाही. माप बरोबर आहे. मापाच्या पलीकडे काहीतरी आहे, आणि ते बाबांना माहीत होतं. प्रत्येक जोडीनंतर ते शेरा लिहायचे. मी नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, कातडं कापायला शिकले, शिवायला शिकले. शेरे वाचायची कधी वेळच आली नाही. ते होते ना!"

मग तिनं सरळ सांगून टाकलं, "फाइल उघडली तर मी दुकान चालवीन. नाही उघडली तर महिनाअखेरीला जागेची किल्ली परत देणार आहे. कारखान्यात जागा आहे, तिथं सरळ पायांचे जोडे शिवीन. माझ्या हातून लोकांचे पाय बिघडायला नकोत."

महिनाअखेरीला बारा दिवस होते.

चुलतभावाचे पराक्रम ऐकायला पाऊण तास लागला. त्यानं फाइल आपल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर घेतली. 'हा प्रकार उघडता येत नाही' असं आलं, म्हणून फाइलीच्या नावातली शेवटची अक्षरं बदलून पाहिली.

"पाटी बदलली म्हणून दुकानातला माल बदलतो होय?" बाई म्हणाल्या.

मग त्यानं इंटरनेटवरच्या कुठल्याशा जागी ती दुरुस्तीला पाठवली. तिथून ती रिकामी परत आली. एवढं करून, "काकांनी फाइलच बिघडवून ठेवली होती," असा निकाल देऊन तो मोकळा झाला.

"मूळ फाइल कुठंय?"

"बाबांच्या कॉम्प्युटरवर. तो दुकानात कापडाखाली झाकून ठेवलाय. चालू होतो, पण मी काही उघडलं नाही. भीती वाटली."

"ही भीती देव सगळ्यांना देवो," बाई म्हणाल्या.

दुपारी जोडेवाली तो कॉम्प्युटरच गाडीत घालून घेऊन आली. बाईंनी तीन प्रती केल्या. मग कामाची प्रत घेऊन आधी नुसती सुरुवात वाचली. फाइल कुठल्या प्रोग्रामात जन्मली त्याची खूण तिच्या अगदी पहिल्या ओळीत असते. बाहेरच्या नावावर त्या विश्वास ठेवत नाहीत. खूण जुनी होती आणि धडधाकट होती.

"तुझी फाइल आजारी नाही गं," त्या म्हणाल्या. एव्हाना अहोजाहो गळून पडलं होतं. "म्हातारी आहे एवढंच. नव्या प्रोग्रामाला तिची भाषा येत नाही."

त्यांनी ती म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर नेली. तो घरघरला, विचारात पडला आणि मग त्यानं सांगितलं: ही फाइल दुसरं कोणीतरी वापरत आहे.

जोडेवाली स्टुलावरून अर्धी उठली. "कोण वापरतंय?"

बाईंनी समजावून सांगितलं. फाइल उघडली की प्रोग्राम तिच्या शेजारी एक छोटीशी चिठ्ठी ठेवतो, की आत माणूस आहे. काम संपवून फाइल बंद केली की चिठ्ठी आपण होऊन उचलतो. पण मध्येच वीज गेली तर चिठ्ठी तशीच पडून राहते, आणि फाइलीबरोबर तीही उचलून आणली की प्रोग्राम बिचारा बाहेर ताटकळत उभा राहतो.

"वीज गेली नव्हती," जोडेवाली म्हणाली. "प्लग मीच काढला. बाबा खुर्चीतच कलंडले होते. दवाखान्यात न्यायची घाई. दुकान बंद करताना नेहमीच्या सवयीनं प्लग काढला."

चार महिने ती फाइल त्यांचीच वाट पाहत होती, असं काहीतरी म्हणायचं बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. असल्या वेळी शहाणपणाचं वाक्य बोलणाऱ्या माणसांचा त्यांना राग येतो. त्यांनी फक्त विचारलं, "कामाच्या प्रतीतली चिठ्ठी काढू का?" तिनं मान हलवायला थोडा वेळ घेतला. तेवढा वेळ बाई थांबल्या.

चिठ्ठी गेली आणि पासवर्डाची चौकट आली. जोडेवालीचा चेहरा उजळला. पिशवीतून तिनं एक वही काढली. सुबक अक्षर, समास आखलेले, प्रत्येक पानाला आकडा. "हे माझ्याकडे आहे. हे बघा. मास्तरीण." मग जरा लाजून म्हणाली, "म्हणजे मीच. मला लहानपणापासून मास्तरीणच म्हणायचे."

तिनं टाइप केलं. चौकटीत आठ ठिपके उमटले. पासवर्ड चुकीचा आहे. तिनं पुन्हा केलं. बाईंनी केलं. मराठी टाइप करायच्या जेवढ्या तऱ्हा म्हाताऱ्याला येत होत्या तेवढ्या करून पाहिल्या. शेवटी कुलूप फोडायचं एक जुनं हत्यार काढलं. ते परदेशी बनावटीचं, त्याला मराठीचा गंध नाही. इंग्रजी पासवर्ड असता तर फडाफड वाचून दाखवला असता. इथे त्यानं नुसते चौकोन दाखवले. आठ चौकोन.

बाईंनी कागदावर मांडलं. म, काना, स, पाय मोडल्याची खूण, त, र, वेलांटी, ण. कॉम्प्युटरच्या हिशेबानं आठ. शब्द जुळत होता, लांबी जुळत होती, दार मात्र उघडत नव्हतं. संध्याकाळी जोडेवाली वही छातीशी धरून गेली. जाताना "बघू" म्हणाली. बाईंना ते 'असू दे'सारखं ऐकू आलं.

घरी नवरा जेवताना म्हणाला, "आज ताटाशी भांडण दिसतंय." तो निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक. जगातली कुठलीही अडचण तो लिफ्टच्या भाषेत सोडवतो आणि बरेचदा सुटते, हेच बाईंना सहन होत नाही. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, लिफ्ट अडकली की लोक मला यंत्र दाखवायचे. मी आधी विचारायचो, आत शेवटी कोण होतं? माणूस कळला की यंत्र कळतं."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं," बाई म्हणाल्या. नवऱ्याचं बोलणं पटलं तर ते त्याला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा संसाराइतकाच जुना नियम.

गुरुवारी सकाळी त्या जोडेवालीच्या दुकानात गेल्या.

दुकान अरुंद आणि खोल होतं. खिडकीखाली लाकडी बाक, त्यावर कातडं कापायची रापी, भोकं पाडायची आरी, मेणाचे गोळे, डिंकाचा डबा. समोरच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर फर्मे, म्हणजे ज्यांच्यावर चढवून जोडा शिवतात ते लाकडाचे पाय. सुतळीनं जोडीजोडीनं बांधलेले, आणि एकाही जोडीतला डावा उजव्यासारखा नव्हता. बाई कधी इतक्या पायांसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. त्यांना उगाचच नमस्कार करावासा वाटला.

प्रत्येक फर्म्यावर शिसपेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं. बाईंनी चष्मा लावला, एक जोडी खाली काढली आणि खिडकीशी नेली. 'गवंडि. ऊजवा पाय पूढे रूंद.' दुसरी काढली. 'बेकरिवाला. डावि टाच ऊंच ठेवने.' तिसरी, चौथी. बाईंच्या कपाळावर आधी आठी पडली, मग ती सुटली.

"हे कुणाचं अक्षर?"

"बाबांचंच." जोडेवाली ओशाळली. "शुद्धलेखनाच्या नावानं शंख होता. चौथीत शाळा सुटली त्यांची. पहिली वेलांटी कुठली आणि दुसरी कुठली, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. जिथं पहिली हवी तिथं बहुतेकदा दुसरी, जिथं दुसरी हवी तिथं पहिली. मी नववीत होते तेव्हा दारावरची पाटी सुधारून घेतली. पत्रं, पावत्या, सगळं मी लाल पेननं तपासायचे. ते हसायचे. म्हणायचे, आली आमची मास्तरीण."

"आणि ती वही? ती कुणाची?"

"माझी. पत्ते, उधारी, पासवर्ड असल्या त्यांच्या नोंदी चिठ्ठ्या-चपाट्यांवर असायच्या. गेल्या वर्षी बसून स्वच्छ उतरून काढल्या, चिठ्ठ्या फेकून दिल्या."

"उतरताना चुका तशाच ठेवल्यास?"

"छे! सुधारल्या की. चूक दिसली की माझा हात थांबत नाही. शब्द अकारान्त असेल तर उपान्त्य वेलांटी दीर्घ, म्हणजे..."

ती फळ्यांवरच्या अक्षरांकडे वळली. बाईंनी हातातली जोडी सुतळीला धरून होती तशी फळीवर ठेवली.

"अगं बाई," जोडेवाली स्वतःशीच म्हणाली.

"मास्तरीण हा शब्द ते कसा लिहायचे?"

"रला पहिली." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "रला पहिली वेलांटी. हजारदा सांगितलं असेल त्यांना."

वडिलांचं दुकानाबाहेर जाणारं एकूण एक लिहिणं तिनं तपासलं होतं. हा शब्द मात्र पडद्यावर कायम ठिपक्यांच्या आड लपलेला असायचा, म्हणून तिच्या लाल पेनातून सुटला होता. आणि ज्या चिठ्ठीवर तो उघडा होता, ती उतरून घेताना तिनं मोठ्या प्रेमानं सुधारला होता. पोरीचा गुण तो आणि तिचा घातही त्यानंच केलेला. बाईंना हसू येत होतं, ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला काढला.

दोघी तशाच जिन्याखालच्या खोलीत आल्या. टाइप तिनंच करायचं, असं बाईंनी सांगितलं. मा, स्त. रपाशी आल्यावर तिचं बोट अडलं. जन्मात पहिल्यांदा ती मुद्दाम चुकीचं लिहीत होती, आणि तेही स्वतःचंच नाव. तिनं पहिली वेलांटी दिली, ण लिहिला, आणि म्हाताऱ्यानं दार उघडलं.

दोन हजारांवर ओळी होत्या. गिऱ्हाईक, तारीख, डावा, उजवा, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. गिऱ्हाइकांची नावं वडील लिहीत नसत, धंदा लिहीत. बाईंनी टपालवाल्या बाईंच्या ओळी वेगळ्या काढल्या. सगळ्यात जुनी चौदा वर्षांपूर्वीची होती. जोडेवालीनं मोठ्यानं वाचलं:

'माप दिड इंच. दिडच दीले. चवथ्या दिवशि परत आलि. कंबर दूखते म्हनते. माझी चूक.'

ती थांबली. पुन्हा तीच ओळ वाचली. "बाबांनीही दीडच दिला होता," ती म्हणाली. "चौथ्याच दिवशी परत आल्या होत्या. काकू, बाबांचीही हीच चूक झाली होती." गेले पाच आठवडे ज्या ओझ्याखाली ती वाकली होती ते एकदम उतरलं आणि तिला रडूच फुटलं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढची ओळ स्वतः वाचली.

'सव्वा दिला. हसत गेलि. लहानपनापासुन कलुन चालायचि सवय आहे. हाड सरळ मागतं, सवय मागत नाहि. सवयिचं ऐकायचं.'

त्याखालच्या बाराही ओळींत एकच शब्द होता. 'सव्वा.'

त्या दिवशी जोडेवाली संध्याकाळपर्यंत वाचत बसली. कुणाच्या जोड्याला आतून दोन पदरी कातडं, कारण घाम येतो आणि सांगायला लाजतो. कुणाला नाडी नको, कारण वाकता येत नाही, पण कारण विचारू नये. शेरे वाचता वाचता तिनं मधेच मान वर केली आणि सांगून टाकलं, "मी किल्ली परत देत नाही." जणू बाईंनीच ती मागितली होती.

टपालवाल्या बाईंची नवी जोडी आठ दिवसांत झाली. तिसऱ्या आठवड्यात त्या झेरॉक्सच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढून टपाल द्यायला आल्या. डावीकडे किंचित कललेल्या, खांद्याला भरलेली पिशवी, तोंडानं दुकानदाराला पत्त्यावरून दटावत. थांबाबाई काम टाकून त्या जाईपर्यंत त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या.

उरलं होतं ते शेवटचं काम. म्हातारा काही अमर नाही, म्हणून सगळ्या नोंदी नव्या प्रकारच्या फाइलीत न्यायच्या होत्या. बुधवारी जोडेवाली आली. बाईंनी फाइल बदलली, पण "झालं" म्हणाल्या नाहीत. आधी जुन्या आणि नव्या फाइलीतल्या ओळी मोजल्या, तेवढ्याच भरल्या. मग पहिली ओळ ताडून पाहिली. मग तारखेनं सगळ्यात शेवटची काढली.

शेवटची ओळ वडील कलंडले त्या दिवशीची होती. गिऱ्हाइकाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'मास्तरिण.'

"तू त्यांची गिऱ्हाईक होतीस?" बाईंनी विचारलं.

जोडेवाली पुढे वाकली. "नाही. माझे जोडे साधेच. बाजारातले." मग आठवून म्हणाली, "मोजायचे मात्र. दर वर्षी एकदा बसवायचे, पाय मांडीवर घ्यायचे आणि फीत लावायचे. नऊ वर्षांची होते तेव्हापासून. त्या दिवशी सकाळीही मोजले होते. मी म्हटलं, बाबा, तीस वर्षांची झाले, आता पाय वाढत नाहीत."

बाईंनी त्या नावाच्या सगळ्या ओळी एकत्र आणल्या. बावीस निघाल्या. जोडेवाली लगेच वाचेना. हात मांडीत घट्ट धरून बसली.

"काकू, मी कुणाला कधी बोलले नाही," ती म्हणाली. "ते वाकड्या पायांचे कारागीर. ते माझे पाय दर वर्षी मोजतात, म्हणजे माझ्या पायांत काहीतरी असणार, असं मला वाटायचं. त्यांना दिसलंय, पण मला सांगायला त्यांचं मन धजत नाही. शाळेत मी शर्यतीत उतरले नाही कधी. नाचले नाही. अजूनही कुणी मागून येत असलं की आधी त्याला पुढे जाऊ देते, चालताना दिसायला नको म्हणून. बावीस वर्षं मी त्यांना विचारलं नाही. आणि सगळी दुनिया तपासत बसले."

"वाच," बाई म्हणाल्या.

तिनं वाचलं. नऊ वर्षांच्या पायांचं माप, दोन्ही रकान्यांत एकच आकडा, आणि पुढे शेरा. 'दोन्हि पाय सारखे. दोश नाहि. ऊगाच मोजले.' पुढच्या वर्षी आकडे वाढलेले, दोन्ही सारखेच वाढलेले. 'दोन्हि पाय सारखे. दोश नाहि. ऊगाच मोजले.' ती एकेक वर्ष उतरत गेली. दहावी, कॉलेज, दुकानात आली ते वर्ष. एकविसाव्या ओळीपर्यंत शब्दही बदलला नव्हता. बाविसावी जरा लांब होती.

'दोन्हि पाय सारखे. दोश नाहि. ऊगाच मोजले. दिवसभर दूसऱ्यांचे पाय बघुन हीचे बघितले कि बरं वाटतं.'

जोडेवालीनं डोळे पुसले नाहीत. तिनं स्टुलाखालून पाय बाहेर काढले, बाजारातले साधे जोडे उतरवून बाजूला ठेवले आणि दोन्ही पावलं थंड फरशीवर शेजारी शेजारी टेकवली. कितीतरी वेळ ती त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी तिला बघू दिलं, आणि आपण नव्या फाइलीत त्या बावीस ओळी शोधून एकेक अक्षर ताडून पाहत बसल्या.